वाचक विचारतात : बाबा गेल्यानंतरचे प्रश्न

सत्य साईबाबा ९६ व्या वर्षी देह ठेवणार, असं स्वतः म्हणाले होते. गेले ८४ व्या वर्षी. भक्त म्हणतात, चंद्राच्या हिशेबाने ते ९६ वं वर्षच होतं. हे गणित बरोबर आहे का? (वाचक, नांदेड)

गणित पडताळता येतं, तेव्हा करूनच बघू. जन्म २३ नोव्हेंबर १९२६, मृत्यू २४ एप्रिल २०११. मधले दिवस ३०,८३३. पौर्णिमा ते पौर्णिमा सुमारे २९.५३ दिवस धरले, तर १,०४४ महिने भरतात. त्यांना १२ ने भागलं की ८७ वर्षं येतात, ९६ नाही. शिवाय आपलं पंचांग दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून चंद्राला सूर्याच्या जोडीला आणतं. म्हणून तिथीने वाढदिवस करणाऱ्याचं वयही ८४ च राहतं. सहस्रचंद्रदर्शन ८१ च्या आसपास करतात ते याच हिशेबाने.

मग ९६ आले कुठून? भक्तांनी महिना नक्षत्रांचा धरला : २७ नक्षत्रं, २७ दिवस, बारा महिन्यांचे ३२४ दिवस. ३०,८३३ ला ३२४ ने भागलं की ९५ वर्षं पुरी होऊन ५३ दिवस उरतात, म्हणजे ९६ वं वर्ष लागलेलं. हिशेब जुळला. पण चंद्राला सगळी नक्षत्रं ओलांडायला २७ नव्हे, सुमारे २७.३२ दिवस लागतात. तो अपूर्णांक सोडला नाही, तर उत्तर ९४ पूर्ण, ९५ वं नुकतंच सुरू, असं येतं. एक वर्ष निव्वळ त्या गाळलेल्या अपूर्णांकातून आलं आहे.

दुसरी कसोटी अधिक कडक आहे. सप्टेंबर १९६० च्या प्रवचनात त्यांनी आपण या देहात आणखी ५९ वर्षं राहू, असं सांगितलं होतं. साध्या वर्षांनी ते २०१९ होतं. त्याला ३२४ दिवसांचीच पट्टी लावली, तर २०१३ ची सुरुवात येते. एका भाकिताला बसवलेली पट्टी दुसऱ्याला बसत नाही, म्हणजे ती उत्तर हाती आल्यावर निवडलेली आहे. भक्तांना मी यासाठी लबाड म्हणणार नाही. ज्याच्या शब्दावर आयुष्य उभं केलं, तो अकरा-बारा वर्षं आधी गेल्यावर माणूस आधी शब्द वाचवतो.

शासकीय इतमामात अंत्यविधी झाल्यावर इतका राग का उसळला? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये ना? (वाचक, लातूर)

राग त्या एका दिवसाचा नव्हता. आधी दुःखाची बाजू नीट बघा, कारण टीकाकार ती झटकून टाकतात. २८ मार्च २०११ ला बाबांना आंध्र प्रदेशातल्या पुट्टपर्तीच्या, म्हणजे त्यांच्या आश्रमाच्या गावच्या, रुग्णालयात दाखल केलं, तेव्हापासून गावात गर्दी साठत होती. मृत्यूनंतर देह काचेच्या पेटीत साई कुलवंत सभागृहात ठेवला आणि २७ एप्रिलला तिथेच समाधी दिली. रांगेत उभ्या असलेल्या अनेकांकडे रडायला ठोस कारण होतं. अनंतपूर जिल्ह्यातल्या सातशेहून अधिक गावांना बाबांच्या ट्रस्टच्या योजनेने पिण्याचं पाणी मिळालं होतं. पुट्टपर्ती आणि बंगळूरच्या रुग्णालयांत हृदयाच्या शस्त्रक्रिया फुकट होत होत्या. सचिन तेंडुलकरचा वाढदिवस नेमका २४ एप्रिल. त्याने तो साजरा केला नाही आणि दुसऱ्या दिवशी पुट्टपर्ती गाठली. महाराष्ट्रात त्या दुःखाची चर्चा झाली ती यामुळेही.

आता दुसरी बाजू. लैंगिक शोषणाचे आरोप परदेशी शिष्यांनी उघडपणे केले होते. २००० साली युनेस्कोने पुट्टपर्तीतल्या एका परिषदेतून अंग काढून घेतलं. भारतात काय झालं? डिसेंबर २००१ मध्ये पंतप्रधान वाजपेयी, दोन माजी सरन्यायाधीश, नजमा हेपतुल्ला आणि तुमच्याच लातूरचे शिवराज पाटील यांनी सह्यांचं पत्रक काढून आरोप निराधार ठरवले. चौकशीआधीच निकाल! ६ जून १९९३ ला बाबांच्या निवासात दोन सेवेकरी मारले गेले आणि चार हल्लेखोर पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. त्या प्रकरणाचीही तड लागली नाही. आरोप कोर्टात कधी सिद्ध झाले नाहीत हे खरं, पण ते कोर्टात तपासलेच गेले नाहीत हेही तितकंच खरं. आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्यावरचा फौजदारी खटला संपतो. म्हणजे २४ एप्रिलला तक्रारदारांचं उरलंसुरलं दारही बंद झालं. त्यावर बंदुकांची सलामी झाली, तेव्हा राज्याने भक्तांची बाजू घेतली असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं, आणि माझ्या मते ते योग्यही होतं. श्रद्धांजली भक्तांची असते, इतमाम मात्र सगळ्या नागरिकांच्या नावाने दिला जातो.

जूनमध्ये बाबांच्या खासगी निवासाचं, यजुर्मंदिराचं, कुलूप उघडलं. आत ९८ किलो सोनं, ३०७ किलो चांदी आणि ११ कोटी ५६ लाख रुपये रोख निघाले. एप्रिलमध्ये गप्प बसलेले पुष्कळ लोक तेव्हा बोलू लागले.

हे आणि शिर्डीचे साईबाबा एकच मानायचे का? (वाचक, मडगाव)

शिर्डीच्या बाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ ला देह ठेवला. आपण त्यांचाच अवतार आहोत, हा सत्य साईंचा स्वतःचा दावा होता. संस्था, ट्रस्ट, हिशेब सगळं वेगळं आहे.

एक बाबा वारल्यावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी त्यांच्यावरचे आरोप लिहिले. एका भक्ताने पोलिसांत जाण्याची धमकी दिली आहे. काय होऊ शकतं? (वाचक, ठाणे)

दोन कलमं समजून घ्या. बदनामीचं कलम (भारतीय न्याय संहिता ३५६) मृताबाबतही लागू शकतं, पण मजकूर त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असावा लागतो. तो गुन्हा अदखलपात्र आहे, तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. निव्वळ भक्त असणं म्हणजे नातलग असणं नव्हे. दुसरं कलम २९९, धर्मश्रद्धेच्या अपमानाचं. ते दखलपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि धमकी बहुधा याचीच असते. तिथे जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेला अपमान दाखवावा लागतो. एका व्यक्तीवरचे प्रसिद्ध झालेले आरोप सांगणं आणि तिला मानणाऱ्यांच्या धर्माला शिव्या देणं यात कायद्याने फरक आहे.

अडचण अशी की हा फरक कोर्टात कळतो, पोलीस ठाण्यात रात्री अकराला कळेलच असं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिलं आणि ते 'लाइक' केलं म्हणून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, पण अटक व्हायची ती होऊन गेली होती.

तेव्हा मूळ मजकुराचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा, धमकीचाही ठेवा. मजकूर घाईने पुसू नका. पुसलेल्या मजकुराचं समोरचा म्हणेल तेच खरं ठरू लागतं. 'केलं' असं लिहिलं असेल तर 'केल्याचा आरोप होता' अशी दुरुस्ती ग्रुपवरच टाका आणि आरोप कुठे, कोणत्या साली छापून आले तेही लिहा. पोलिसांचा फोन आला तर लेखी नोटीस मागा आणि वकिलाला घेऊनच जा.