मांजरासाठी घरी कच्चं अन्न करून फ्रीझरमध्ये साठवायचं असेल तर कसं करावं?

तुम्ही विचारलंय की पंधरा दिवसांचं कच्चं चिकन एकदम तयार करून गोठवलं तर चालेल का, त्यात काय काय घालायचं, आणि गोठवल्यावर ते निर्धोक होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. नाही होत. फ्रीझर अन्न टिकवतो, शुद्ध करत नाही. उणे १८ अंशांत काही दिवस राहिलं की मांसातल्या टॉक्सोप्लाझ्मासारख्या परजीवींचा बहुतांशी निकाल लागतो. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू मात्र नुसता झोपतो आणि पाकीट वितळलं की जागा होतो. विषाणूही गोठवल्याने मरतीलच असं नाही.

मी नागपूरला राहतो. घरात दोन मांजरं आहेत, भुऱ्या नावाचा बोका आणि चिंगी. दोनेक वर्षं मी कच्चं करून गोठवत होतो. आजही जवळपास तेच करतो, फक्त मांस आधी वाफवून घेतो. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी माझी चूक सांगतो. चिंगी सापडली तेव्हा दीड-दोन महिन्यांची असेल. पिल्लाला चांगलंचुंगलं द्यावं म्हणून मी तिला सहा-सात आठवडे फक्त बोनलेस चिकन दिलं. एक दिवस ती दिवाणावरून उतरली, दोन फूटसुद्धा उंची नव्हती, आणि किंचाळून मागचा पाय वर धरून उभी राहिली. डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला आणि मला म्हणाले, "यात हाडं कुठली आणि मांस कुठलं, सांगा बरं." दोन्ही सारखंच फिकट राखाडी दिसत होतं. मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम त्याच्या पंधरावा-विसावा हिस्सा. हा तोल सांभाळायला शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढत राहतं. जंगलातलं मांजर उंदीर हाडांसकट खातं, त्यामुळे त्याचं भागतं. चिंगी महिनाभर पिंजऱ्यात राहून बरी झाली, पण तो पाय अजून किंचित बाकदार आहे.

म्हणून साहित्यात सगळ्यात महत्त्वाचं मांस नाही, कॅल्शियम आहे. हाडं घरच्या मिक्सरमध्ये दळायला जाऊ नका, पातं जाईल आणि चुरे राहतील ते वेगळेच. मी अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळतो, खडखडीत वाळवतो आणि मैद्यासारखी बारीक करून बरणीत ठेवतो. एक किलो मिश्रणाला सहा ग्रॅम पूड लागते.

मिश्रण असं: तंगडीचं हाड काढलेलं मांस साधारण साडेआठशे ग्रॅम, दिल आणि पोटा मिळून शंभर ग्रॅम, कलेजी पन्नास ग्रॅम, दोन अंड्यांचे पिवळे बलक आणि अर्धा-पाऊण कप पाणी. छातीचं मांस टाळतो, कारण तंगडीत आणि दिलात टॉरिन, म्हणजे मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल, जास्त असतं. कलेजी मांजरांना अतिशय आवडते, म्हणून हात सैल सोडू नका. व्हिटॅमिन ए त्यांना गाजरातून मिळवता येत नाही, ते प्राण्यांकडूनच हवं, हे खरं. पण रोज वाटीभर कलेजी खाणाऱ्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना चिकटतात. कांदा-लसूण चिमूटभरसुद्धा नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

टॉरिनची पूड वेगळी विकत घेऊन किलोला दोन ग्रॅम घालतो. त्यासाठी सोनारासारखा छोटा डिजिटल काटा आणलाय. तो पाहून बायको म्हणाली, "घरात माझी कानातली कोणी कधी तोलली नाहीत, बोक्याचा खिमा मात्र काट्यावर!" टॉरिन कमी पडलं तर मांजराची दृष्टी जाते आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिला, आणि त्यानंतर बाजारच्या कॅटफूडमधलं टॉरिन वाढवलं गेलं.

एवढं करूनही आयोडीन, मँगनीज, व्हिटॅमिन डी आणि ई कमीच राहतात. त्यासाठी तयार प्रीमिक्स, म्हणजे या जीवनसत्त्वांची आणि खनिजांची एकत्र पूड, मिळतं, किंवा पशुवैद्याकडून मात्रा लिहून घ्या. मी मध्यममार्ग काढलाय: एका वेळेला घरचं, एका वेळेला बाजारचं संपूर्ण आहार असा शिक्का असलेलं.

आता गोठवणं. दुकानातून तयार खिमा आणू नका. त्या यंत्रातून सकाळपासून काय काय गेलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि वरवरचे जंतू खिम्यात पार आतपर्यंत कालवले जातात. समोर कापून घेतलेले मोठे तुकडे आणा आणि घरी सुरीने बारीक करा. मिश्रण झिपलॉकच्या पिशवीत भरून थालीपिठासारखं थापायचं, बोटभरही जाड नको. पातळ थर झटकन गोठतो, त्यामुळे वितळताना पाणी कमी सुटतं. जे सुटेल ते ओतून देऊ नका, टॉरिन त्यातच उतरलेलं असतं. एका पिशवीत एका मांजराचा एका दिवसाचा वाटा: चार किलोच्या मांजराला दिवसभर घरचंच द्यायचं असेल तर साधारण दीडशे ग्रॅम, माझ्यासारखं एकच वेळ असेल तर निम्मं. वर मार्करने तारीख. दोन-तीन महिने टिकतं म्हणतात, पण चरबी बर्फातही हळूहळू खवट होते. मी तीन आठवड्यांच्या पुढे ठेवत नाही.

तुमचा फ्रीझर खरंच उणे १८ ला आहे का, हेही बघा. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीम मऊ पडत असेल तर तिथे हे साठवू नका. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. गावाहून परत आल्यावर नाणं बर्फात बुडालेलं दिसलं, तर मध्ये वीज जाऊन सगळं वितळून पुन्हा गोठलंय. सरळ फेकून द्या. गेल्या मे महिन्यात मी अकरा पाकिटं अशी टाकली. जीव हळहळला, पण आमच्याकडे त्या दिवसांत पारा ४५ च्या घरात असतो.

वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, डब्यात, रात्रभर. ओट्यावर नाही. देताना पिशवी कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा. थंडगार मांसाकडे मांजर ढुंकून बघत नाही, त्याला ताज्या उंदराइतकं ऊबदार लागतं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचला. वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

आता वाफवण्याचं कारण. डिसेंबर २०२४ मध्ये इथे नागपुरातच, गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला, एच५एन१, आणि संशय खाद्यातल्या कोंबडीवर होता. पुढच्याच महिन्यात छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तोच विषाणू सापडला. छिंदवाडा इथून अडीच-तीन तासांवर आहे. त्याच सुमारास अमेरिकेत गोठवलेलं कच्चं कॅटफूड खाऊन एक घरातलं मांजर मेलं. म्हणजे गोठवण्याने काही साधलं नव्हतं. बातमी वाचली त्या रात्री माझ्या फ्रीझरमध्ये नऊ पाकिटं होती. विषाणू ७० अंशांना मरतो, म्हणून तेव्हापासून मांसाचे तुकडे कुकरच्या डब्यात शिटी न लावता दहा-बारा मिनिटं वाफवतो. मधे गुलाबी राहता कामा नये. सुटलेलं पाणी त्यातच ठेवतो, आणि गार झाल्यावर टॉरिन व टरफलाची पूड मिसळतो. शिजवलेलं हाड मात्र कधीच द्यायचं नाही, ते काचेसारखं तुटतं.

कच्च्याचे कट्टर समर्थक पॉटेंजर या अमेरिकी डॉक्टरांच्या प्रयोगाचा दाखला देतात: १९३२ ते ४२, कॅलिफोर्निया, शिजवलेल्या मांसावरची मांजरं पिढ्यान् पिढ्या खंगत गेली. पण तेव्हा टॉरिनची गरज कोणाला ठाऊकच नव्हती. माझ्या मते त्या मांजरांना आचेने नाही, उपासमारीने मारलं, फक्त ताटली भरलेली होती. तरीही कच्चंच द्यायचं ठरवलं असेल, तर घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा केमो चालू असलेलं माणूस नको. आसपास बर्ड फ्लूची बातमी असेल तर तेवढे दिवस अजिबात नको.

बदल दहा-बारा दिवसांत करा, रोज चमचाभर वाढवत. भुऱ्याने पहिल्या दिवशी ताटलीभोवतीची फरशी पंजाने उकरून ते "पुरून" टाकलं होतं. भूक लागली की खाईल म्हणून ताणून धरू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. तुम्ही मांजराचं वय लिहिलेलं नाही. वर्षाच्या आतलं असेल तर तूर्त पिल्लांचं तयार अन्न द्या आणि टरफलाची बरणी भरून ठेवा.