अवकाश-काळाची सिग्नेचर बदलली तर भौतिकशास्त्र बदलतं का?

सिग्नेचर म्हणजे अवकाश-काळातल्या अंतराच्या सूत्रात काळाला आणि अवकाशाच्या तीन दिशांना लागणारी अधिक-उणे चिन्हं. प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. (−+++) की (+−−−), हा निव्वळ संकेताचा भाग. सोलापुरी चादर उलटी केली की रंग अदलाबदल होतात, नक्षी तीच राहते, तसंच हे. सापेक्षतावाले बहुधा पहिली पद्धत घेतात, कणभौतिकीवाले दुसरी. (इथे एमएस्सीच्या पोरांचे निम्मे मार्क दोन पुस्तकांतली सूत्रं एकत्र कालवल्यानं जातात. एक धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.) एक बारीक अपवाद आहे: आरशातलं प्रतिबिंब धरून स्पिनॉरांचा (इलेक्ट्रॉनसारख्या कणांचं वर्णन करणाऱ्या राशींचा) विचार केला, तर दोन्ही संकेतांचे पिन गट (स्पिनॉरांवरच्या फिरवण्या आणि प्रतिबिंबांचे गट) गणिती दृष्ट्या सारखे नसतात.

(++++) मात्र खरा बदल आहे. वेळेला काल्पनिक संख्येनं गुणलं की उणे चिन्ह गळतं आणि काळ चौथी दिशा होऊन बसतो. हे विक रोटेशन, भौतिकशास्त्रज्ञ विक यांचं, 1954 मधलं. फायदा मोठा आहे: क्वांटम बेरजेतली (सगळ्या शक्य मार्गांच्या बेरजेतली) सतत डोलणारी पदं झपाट्यानं लहान होत जाणारी पदं बनतात, म्हणून संगणकाला ती झेपते. प्रोटॉनचं वस्तुमान लॅटिसवर, म्हणजे अवकाश-काळाच्या जागी घेतलेल्या बिंदूंच्या जाळीवर, असंच काढतात. हार्टल आणि हॉकिंग या भौतिकशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये विश्वारंभासाठी हीच वाट धरली. पण वक्र अवकाश-काळात हा बदल सरसकट करता येतोच असं नाही, आणि गुरुत्वाकर्षणात ती बेरीज आवरतही नाही.

(++−−), म्हणजे दोन काळ, प्रकीर्णनाच्या (कण एकमेकांवर आदळून विखुरण्याच्या) गणितात सोयीचे पडतात. असं जग खरंच आहे असं त्यात कुणी म्हणत नाही.