लॅव्हेंडरला रोज पाणी घालूनही ते का सुकतं?

रोप आणून महिना झाला, रोज न चुकता पाणी घालता, तरी खालची पानं काळी पडली आणि फांद्यांनी माना टाकल्या, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं त्या "रोज न चुकता"मध्येच आहे.

माझं पहिलं रोप मीही असंच मारलं. पानं मलूल दिसली की तहानलंय समजून तांब्याभर पाणी घालायचो. शेवटी उपटलं, तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरली की साल सुटून हातात यायची. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही रोप सुकतं. आणि आपण आणखी पाणी घालतो!

हे झुडूप मूळचं भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. मातीत दोन पेरं बोट खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी, तेही भरपूर आणि खालून निथळून जाईल असं. कुंडी मातीची घ्या, मातीत एक तृतीयांश जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. ऊन किमान 6 तास. खताचे लाड नकोत, नुसती पानं माजतात आणि फुलं रुसतात. हवा दमट असेल तर दातेरी पानांची डेंटाटा जात बरी. सुवासासाठी नावाजलेली अँगुस्टिफोलिया दमटपणात लवकर खचते.

बहर सरला की हिरवी वाढ तिसरा हिस्सा छाटा, पण खालच्या जून, बिनपानांच्या लाकडाला कात्री लावू नका; तिथून सहसा फुटवा येत नाही.

तुमचं रोप जगेलच असं नाही. वर एखादी धडधाकट, कळी नसलेली फांदी असेल तर 8-10 सेंटिमीटरचा तुकडा कापा, खालची पानं काढा आणि जेमतेम ओल्या वाळूत खोचा. साधारण 4 ते 6 आठवड्यांत मुळं धरतात.

फुलांचं म्हणाल, तर तुऱ्यातली निम्मी उमलली की सकाळी दव वाळल्यावर कापा. जुडीला दोरा नको, रबरबँड लावा. वाळताना देठ आक्रसतात आणि दोऱ्यातून एकेक निसटून खाली पडतात (झाडून झाडून कंटाळलो तेव्हा कळलं). अंधाऱ्या, हवेशीर जागी दोनेक आठवडे उलटी टांगा. मग फुलं चोळून सुती कापडात पुरचुंडी बांधा आणि कपड्यांत ठेवा. वास मंदावला की पुरचुंडी नुसती चुरगळायची. विकतचं लॅव्हेंडरचं तेल मात्र पातळ न करता त्वचेला लावू नका, आणि घरात मांजर असेल तर तिच्यापासून लांबच ठेवा.