तेजीत साठवलेला तेलनिधी मंदीत पुरतो का?

प्रश्न असा आहे: तेलावर चालणाऱ्या देशाने चांगल्या दिवसांत निधी साठवला, तर भाव कोसळल्यावर तो पुरेल ना? पुरेल, पण तेजीतच त्याला हात लागला नाही तर.

आधी धक्का किती मोठा असतो ते बघा. समजा, बॅरल काढायला ४० डॉलर लागतात आणि भाव १०० आहे. हातात ६० उरतात. भाव ५० वर आला की उरतात फक्त १०. भाव निम्मा झाला, पण सरकारचा कर ज्या नफ्यावर बसतो तो सहाव्या हिश्श्यावर आला! पगार आणि पेन्शन मात्र तेवढेच द्यावे लागतात. जून २०१४ मध्ये ११५ डॉलरच्या आसपास असलेलं ब्रेंट (ज्याचा भाव जगभर मापदंड मानला जातो ते कच्चं तेल) जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेलं होतं.

नायजेरियाने २००४ मध्ये जादा उत्पन्नासाठी वेगळं खातं उघडलं. २००८ पर्यंत त्यात सुमारे २० अब्ज डॉलर जमले. पण खात्याला कायद्याचा भक्कम आधार नव्हता. पुढे भाव शंभरीपार असतानाही केंद्र आणि राज्यं त्यातून वाटून घेत राहिली, आणि २०१४ ची घसरण आली तेव्हा खातं जवळपास रितं होतं. मला हे फार लागतं, कारण पैसा खरोखर आला होता.

चिलीचं उत्पन्न तांब्याचं, पण दुखणं तेच. तिथे २००१ पासून खर्च चालू भावावर ठरत नाही. तज्ज्ञांच्या अंदाजातून निघणारा दीर्घकालीन भाव धरून ठरतो. तेजीत लोक रस्त्यावर उतरले, अर्थमंत्री आंद्रेस व्हेलास्को यांच्यावर टीका झाली, तरी त्यांनी तिजोरी उघडली नाही. २००९ च्या मंदीत त्याच शिलकीतून सरकारला मोठा खर्च करता आला.

भाव कोसळले की धक्का चलनालाही बसतो. रशियाने नोव्हेंबर २०१४ मध्ये रुबल मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला. तो घसरला, महागाई भडकली, पण डॉलरमधल्या तेलाचे रुबल जास्त मिळू लागले. नायजेरियाने आपल्या चलनाचा, नायराचा, दर जून २०१६ पर्यंत धरून ठेवला. डॉलरचा तुटवडा आणि काळा बाजार पदरी आला.

निधी नसताना घसरण आलीच, तर ती लांबणार असं धरून चाला. श्रीमंतांच्याही टाकीत जाणारी इंधनसबसिडी आधी कमी करा, आणि त्यातला काही पैसा थेट गरिबांच्या हाती द्या. बहुतेक सरकारं उलट करतात: रस्ते, शाळा, पाण्याच्या योजना अर्ध्यावर थांबवतात, कारण अर्धवट पुलासाठी मोर्चा निघत नाही.