दहावा माणूस घेताय? आधी समिती नेमा

तुमच्या कंपनीत सध्या नऊ जण आहेत आणि आता दहावा घेताय म्हणालात, पण ट्रेनी आणि कंत्राटी माणसं धरलीत का? तीही मोजायची. आकडा दहा झाला की २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड होतो. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. त्या जागी ओळखीतलं नाव नुसतं भरू नका, हे कळकळीने सांगते. महिलांच्या प्रश्नांवर काम केलेली, तुम्हालाही तोंडावर सुनावू शकेल अशी व्यक्ती शोधा. तक्रार आली की ‘आपसात मिटवा’ म्हणू नका. समेट फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच, तोही पैसे देऊन नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावा.