तिकीट सगळ्यात शेवटी

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण सकाळी उठून तू तिकीट काढशील अशी मला धास्ती आहे. व्हिसा संपायला पाच आठवडे उरलेत, बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, ब्रिटनमधल्या स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज भरून ठेवलायस पण अजून सादर केलेला नाहीस. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, अर्ज टाक आणि जाऊन ये, पासपोर्ट तर तुझ्याकडेच आहे.

तिकीट काढू नकोस. आधी क्रम ठरव, तिकीट सगळ्यात शेवटी.

ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत ३४के नावाचा परिच्छेद आहे, तो स्वतः वाच. निर्णय होण्याआधी तू कॉमन ट्रॅव्हल एरियाच्या, म्हणजे युनायटेड किंगडम, आयर्लंड, चॅनल बेटं आणि आइल ऑफ मॅन यांच्या बाहेर गेलीस, तर ज्या दिवशी बाहेर पडलीस त्याच दिवशी तू अर्ज मागे घेतलास असं धरलं जातं. लग्न होतं, चारच दिवस होते, हे ऐकायला तिथे कुणी बसलेलं नाही. भरलेली फी परत मिळेल याही भरवशावर राहू नकोस.

दुसरी गोष्ट याहून वाईट. अर्ज मुदतीत केला आणि निकाल लागण्याआधी जुना व्हिसा संपला, तर १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ३सी तुझा मुक्काम जुन्याच अटींवर, नोकरीसकट, कायदेशीर ठेवतं. पण ते तू देशात असेपर्यंतच. देश सोडलास की हे संरक्षण गेलं. मग परत यायला हातात काही उरत नाही, भारतातून सगळं नव्याने करावं लागतं. आयर्लंड त्याच क्षेत्रात येतं म्हणून डब्लिनला फिरून येते, असलेही हिशेब नकोत. ३सी संपायला युनायटेड किंगडम सोडणं पुरतं, आणि भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा व्हिसा लागतो तो वेगळाच.

मैत्रिणी खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. जी जाऊन सुखरूप परत आली, तिचा अर्ज कशाचा होता हे विचारलंस का? नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित असताना प्रवास करता येतो, कारण कायम वास्तव्याचा हक्क त्या माणसाकडे आधीच असतो. जर्मनीतल्या तुझ्या मित्राचं म्हणशील, तर तिथे मुदतवाढ चालू असताना ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’ नावाचा दाखला मिळतो. तोही निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाखाली दिलेला असेल तरच जुन्या परवान्यासोबत दाखवून परत येता येतं. तिसऱ्या उपकलमाखालचा असेल तर त्याच्या जोरावर परत येता येत नाही. दाखला तोच, नुसती खूण वेगळ्या चौकटीत. आणि तू त्याच्या अनुभवावर विसंबून लंडनहून निघणार?

पूर्वी अर्जासोबत मूळ पासपोर्टच होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, पाठवावा लागे. माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी माझा पासपोर्ट तिथे पडून होता. प्रवासासाठी तो परत मागणं म्हणजे अर्ज मागे घेणं. मी मागितला नाही. लग्न फोनवर ऐकलं. आई अजून बोलून दाखवते, आणि कुठल्याच फोटोत मी नाही याची सल मलाही आहे. पण त्या अर्जावर नवऱ्याचा मुक्काम आणि मुलाची शाळा अवलंबून होती. दोन दिवसांच्या आनंदासाठी मी ते पणाला लावलं नाही, पुन्हा वेळ आली तरी लावणार नाही. घरच्यांना मी दगड वाटले. वाटू दे, मी बरोबरच होते.

तेव्हा निदान पासपोर्टच नसल्यामुळे माणूस अडायचा. आता फोनवरच्या ॲपने ओळख पटते, पासपोर्ट घरीच राहतो, निवास परवान्याच्या कार्डाच्या जागी ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन नोंद, आलाय. म्हणूनच फसायला सोपं झालंय. पासपोर्ट हातात असणं म्हणजे जायची मोकळीक नव्हे.

तुझं सुदैव असं की अर्ज अजून सादर झालेला नाही. चालू व्हिसावर लग्नाला जा, तो संपायच्या किमान आठवडाभर आधी परत ये आणि आल्याबरोबर अर्ज सादर कर. एचआर आत्ताच सादर कर म्हणून मागे लागलंय, कारण त्यांना त्यांची फाइल पुरी करायची आहे. त्यांना सांग की व्हिसा वैध असेपर्यंत अर्ज करता येतो. मात्र सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीचा प्रायोजकत्वाचा दाखला, कोणत्या तारखेला दिलं ते विचारून घे, ते तीन महिन्यांत वापरावं लागतं. तुझ्या यूकेव्हीआय खात्याला, म्हणजे ई-व्हिसा जिथे दिसतो त्या ऑनलाइन खात्याला, सध्याचाच पासपोर्ट जोडलाय ना, तेही बघ. परतताना विमान कंपनी तुझी परवानगी तपासेल.

दुसरा मार्ग पैशांचा. साधा अर्ज साधारण आठ आठवडे घेतो. ५०० पाउंड जादा भरले तर पाच कामाच्या दिवसांत, १,००० पाउंड भरले तर पुढच्या कामाच्या दिवशी निर्णय मिळू शकतो. हे अर्ज भरतानाच निवडायचं, आणि जागा नेहमी मिळतेच असं नाही. तुला परवडत असेल तर कर. पण तिथेही ई-व्हिसावर नवी तारीख दिसेपर्यंत तिकीट नाही. ‘पाच दिवसांत येणारच आहे’ म्हणून आधी काढलेलं तिकीट मला चालणार नाही.

उद्या अर्ज सादर झाल्यावर घरी कुणी अत्यवस्थ झालं, तर मी तुला थांब म्हणणार नाही. जा. पण अर्ज गेला हे धरून जा, कंपनीला लेखी कळवून जा आणि भारतातून नव्याने अर्ज करायची तयारी ठेव. लग्नाचं तसं नाही गं. त्याची तारीख तुला केव्हापासून माहीत आहे, व्हिसाचीही. दोन्ही एका कागदावर मांडायला तू एवढे दिवस का लावलेस, याचा मला खरंच राग आलाय.

उद्या एचआरकडून सर्टिफिकेटची तारीख घे, ई-व्हिसावरची शेवटची तारीख मला पाठव. परतीचा दिवस आपण दोघी मिळून ठरवू, आणि मग तू तिकीट काढ.

तुझी,
मावशी