सुट्टीच्या गर्दीत पहिल्यांदाच गाडी घेऊन निघताय?

निघण्याआधी एक करा: पोहोचायची वेळ कुणालाही कबूल करू नका. ‘जेवायला येतोच’ म्हणून बसलात की पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप जड होतो.

हिशोब बघा. 100 किलोमीटरला ताशी 80 ने 75 मिनिटं लागतात, ताशी 100 ने 60. वाचली 15 मिनिटं, तीही रस्ता मोकळा असेल तर. जोडून सुट्ट्यांना तो असतो का? उलट ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे इथे दीडपटीहून जास्त. शिवाय ब्रेकवर पाय पोहोचेपर्यंतच्या एका सेकंदात ताशी 100 ची गाडी जवळपास 28 मीटर पुढे गेलेली असते.

पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की सेकंद मोजा. तीन व्हायच्या आत तुम्ही तिथे पोहोचलात तर फार चिकटून चाललाय. पावसात हेच अंतर दुप्पट. मधल्या जागेत कुणीतरी घुसणारच; घुसू दे, तुम्ही पुन्हा मागे राहा. मागून हेडलाइट मारणाऱ्यालाही बाजू देऊन टाका, त्याच्याशी कसली शर्यत!

दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. डुलकी यायला लागली तर काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून ती जात नाही. सुरक्षित जागी थांबून 15–20 मिनिटं झोपाच.

आणि टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा. सामानाने भरलेल्या गाडीसाठीचा आकडा बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.